ओळखीच्याची वाट

प्रस्तावना

मराठीत आपण कुणाची वाट पाहतो. साक्री-पिंपळनेरच्या अहिराणीत वाट देखतात. दोन्हीकडे नजर माणसावर नसते, तो ज्या रस्त्याने येणार त्या रस्त्यावर असते. रस्त्याकडे डोळे लावून बसायचे तर येणारा कोण, तो कुठल्या अंगाने येणार, लांबून त्याची चाल कशी दिसते, हे आधी ठाऊक असावे लागते. अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर नवल वाटते, पण त्याची वाट कुणी पाहिलेली नसते. जुन्या, गाजलेल्या अद्भुतकथेवर कोट्यवधींच्या खर्चाने मालिका निघणार अशी बातमी आली की त्या कथेचे वाचक वर्षानुवर्षे तळमळतात, पहिल्याच छायाचित्रावरून भांडतात, एखाद्या पात्राच्या दाढीवरून रात्र जागवतात. ही तळमळ हा या पुस्तकाचा विषय आहे आणि ती समजून घ्यायला आपला हा घरचा शब्दप्रयोग मला फार उपयोगी वाटतो. असा वाचक नव्या गोष्टीसाठी थांबलेला नसतो. गोष्ट त्याने मनात सबंध पाहून ठेवलेली असते. आपल्या ओळखीचे माणूस दुसऱ्याच्या हातून नटून येणार आहे, ते आपल्याला ओळखू येईल का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. त्याच्या उत्सुकतेत धास्ती कालवलेली असते ती यामुळे. निर्मात्यांना ही धास्ती म्हणजे कटकट वाटते. माझे म्हणणे असे की ती त्या कथेवरच्या हक्काची खूण आहे, आणि मालिकेचे खरे भांडवल तेच आहे. तिजोरीतला पैसा त्यानंतरचा.

हा विषय परदेशी वाटण्याचा संभव आहे, म्हणून आधी आपल्या पायाखालची जमीन पाहू. साक्रीजवळ भामेरचा किल्ला आहे. युवनाश्व राजाची भद्रावती ती हीच, आणि पांडवांच्या अश्वमेधाशी तिचा संबंध आहे, अशी या भागातली दंतकथा. उत्तरेला सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात, अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीच्या दिवसांत आदिवासी भाविक मोठ्या संख्येने तो चढतात, कारण कपाळावरची जखम घेऊन चिरंजीव अश्वत्थामा तिथे आजही हिंडतो अशी श्रद्धा आहे. पश्चिमेला डांगच्या अंगाला कोकणा (कुंकणा) आदिवासी कथेकरी काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करतो, तिच्यावरून बोटे ओढत नाद धरतो आणि रात्र रात्र कथा लावतो. कधी रामाची, कधी धान्याची देवी कणसरीची. डाह्याभाई वाढू यांनी लिहून काढल्यामुळे कुंकणा रामकथा आता छापील रूपातही वाचता येते. पूर्वेला धुळ्यात, नानासाहेब देवांनी उभ्या केलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात, समर्थ रामदासांनी स्वतःच्या हाताने उतरून काढलेले वाल्मीकी रामायण जपून ठेवले आहे. एका तालुक्याच्या आसपास कथा अशी डोंगरात, यात्रेत, नादात आणि हस्ताक्षरात मुरलेली आहे. इथल्या माणसाला महाभारत किंवा रामायण दाखवायला जो येईल, तो कधीच पहिला नसेल.

दूरचित्रवाणी आली ती अशा भरल्या घरात. १९८४ च्या सुमारास दूरदर्शनने देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभारण्याचा सपाटा लावला. शंभर वॅटच्या अशा केंद्राचा पल्ला जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. त्यापलीकडच्या गावांनी उंच बांबूवर अँटेना चढवायचा, बूस्टर लावायचा, एकाने छपरावर उभे राहून तो फिरवायचा आणि खालच्याने ओरडून सांगायचे, आले का नाही ते. तरीही पडद्यावर मुंग्या असायच्याच. या मुंग्यांमधून लोकांनी २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ रामानंद सागर यांचे ‘रामायण’ पाहिले, ७८ भाग; आणि लगेच २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’, ९४ भाग. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, हे आता सगळेच सांगतात. त्यापुढचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही: लोक नेमके कशासाठी थांबले होते? द्यूतात धर्मराज हरणार, अभिमन्यू चक्रव्यूहातून परतणार नाही, कर्णाचे चाक रुतणार, हे ठाऊक नसलेला प्रौढ माणूस त्या पडद्यांसमोर क्वचितच सापडला असता. पुढे काय होणार याची उत्कंठा तिथे नव्हतीच. कर्णाचे चाक रुतेल त्या घटकेला आपल्या पोटात जे कालवते ते या माणसांच्या हातून कालवेल का, ही उत्कंठा होती. गोष्ट आधी माहीत असल्याने ती शिळी होते असे मानणाऱ्यांनी या दीड आणि पावणेदोन वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

याचे मूळ भारतीय चित्रपटाच्याही जन्माआधी सापडते. त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. तो पाहताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण सरकत होते, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’मध्ये लिहिले. भारतीय चित्रपटाचा आरंभ निर्मात्याच्या बेतातून झाला त्याआधी तो वाट पाहणाऱ्या एका प्रेक्षकाच्या मनात झाला होता, असेच यावरून म्हणावे लागते. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या. आजच्या कसोटीने ही केवढी उणीव! तरी तो चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला, आणि राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायताण काढून ठेवत, असे सांगितले जाते. चित्रात जे कमी पडत होते ते पाहणाऱ्याने आपल्या पदरचे घालून पुरे केले. मुंग्या भरलेल्या पडद्यासमोर सत्तर वर्षांनी खेड्यापाड्यांत हेच झाले. आणि २०२० च्या टाळेबंदीत जुने ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले तेव्हा १६ एप्रिलच्या एका दिवशी ७ कोटी ७० लाख प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. तोपर्यंत बाणांच्या टकरी संगणकावर कितीतरी देखण्या करता येऊ लागल्या होत्या. ते लोकांना दिसत नव्हते असे कोण म्हणेल?

पण यावरून पैसा निरुपयोगी ठरतो असा निष्कर्ष काढला तर तो खोटा ठरेल, आणि माझी तशी इच्छाही नाही. २०१३-१४ मध्ये स्टार प्लसवर आलेल्या ‘महाभारत’वर शंभर कोटींच्या आसपास खर्च झाल्याच्या बातम्या होत्या, आणि त्या मालिकेने नव्या पिढीत खरोखर आपला प्रेक्षक मिळवला. त्याआधी २००८ मध्ये नाइन एक्सवर आलेले ‘महाभारत’ मात्र काही महिन्यांतच आटोपले. म्हणजे खर्च केल्याने मालिका बुडत नाही आणि केवळ खर्चाने तरतही नाही. वाट पाहणारा माणूस कुठे अडतो आणि कुठे सोडून देतो, हे पाहिले पाहिजे, आणि इथे चोप्रांच्या ‘महाभारत’चा दाखला मला सगळ्यांत बोलका वाटतो. त्याची संहिता राही मासूम रझा यांची. कथा सांगायला त्यांनी ‘समय’ आणला, हरीश भिमाणी यांच्या आवाजात. असा निवेदक व्यासांच्या ग्रंथात नाही. तिथे वैशंपायन जनमेजयाला सांगतो आणि सौती नैमिषारण्यात ऋषींना. ही उघड भर होती. तरी कुणाला ती खुपली नाही, उलट ‘समय’ वगळून ते महाभारत आज आठवताच येत नाही. कारण कथा कुणीतरी कुणाला तरी सांगत असते, सांगणाऱ्याच्या तोंडून ती येते, ही महाभारताची मूळ रीत त्या भरीने राखली होती. थाळीवर कथा लावणाऱ्याला ती रीत सांगावी लागत नाही.

याची दुसरी बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. मयसभेत फजीत झालेल्या दुर्योधनाला द्रौपदी आंधळ्याचा मुलगा आंधळाच म्हणून हिणवते, हा प्रसंग मालिकेत आहे आणि बहुतेकांना तो महाभारताचा कणाच वाटतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्यामागून आलेल्या संपादकांनी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून १९६६ मध्ये ते पुरे केले. त्या संहितेत द्रौपदीचे हे वाक्य नाही. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे हा लाडका प्रसंगही मुख्य संहितेबाहेर गेला. तेव्हा मूळ ग्रंथाशी प्रामाणिक राहा अशी मागणी चाहता करतो, ती नेमकी कुठल्या मुळाशी? हा प्रश्न त्याला अडचणीत टाकतो हे मान्य केले पाहिजे. माझे उत्तर असे की तो ग्रंथाच्या अक्षरांसाठी भांडतच नसतो. त्याच्या कानावर आलेली, घरात सांगितलेली, पिढ्यांनी भर घालत आणलेली जी कथा आहे तिच्यासाठी तो भांडतो. भांडारकरच्या पंडितांनी तळटीपांत जी पाठांतरे नोंदवली, तीसुद्धा एके काळच्या वाट पाहणाऱ्यांनीच कथेत घातलेली आहेत. कुणाला तरी वाटले की इथे द्रौपदी हसली असणार, बोलली असणार; आणि पुढच्याने ते उतरून घेतले.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाचा दाखला. जे. आर. आर. टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या जगावर मालिका काढण्याचे हक्क ॲमेझॉनने २०१७ च्या नोव्हेंबरात घेतले, ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ सुरू झाली २०२२ च्या सप्टेंबरात. मधली पाच वर्षे हा चाहत्यांच्या प्रतीक्षेचा अभ्यास करायला मिळालेला दुर्मीळ काळ आहे. पहिल्या हंगामाचा खर्च ४६ कोटी डॉलरच्या घरात गेल्याचे सांगितले गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मालिकेची जी भित्तिपत्रके प्रसिद्ध झाली त्यांत एकही चेहरा नव्हता, फक्त हात होते. कुणाच्या हातात मोडलेली तलवार, कुणाच्या हातात राजदंड. वाचक लगेच त्या हातांवरून पात्रे ओळखायला बसले. येणाऱ्याचा चेहरा दिसण्याआधी त्याच्या हातातल्या वस्तूवरून त्याला ओळखू पाहणे, यापेक्षा वाट पाहण्याचे नेमके चित्र मला सुचत नाही. आणि लगोलग वादही पेटला. निर्मात्यांकडे कादंबरीचे आणि तिच्या परिशिष्टांचे हक्क होते, ‘सिल्मरिलियन’चे नव्हते. परिशिष्टांतले दुसरे युग ३४४१ वर्षांचे आहे. अंगठ्या घडल्या आणि न्यूमेनोरचे बेट बुडाले यांत सतराशेच्या वर वर्षांचे अंतर पडते. मालिकेने ते सारे एका माणसाच्या आयुष्यात बसवले. बाहेरच्याला ही तक्रार किरकोळ वाटेल. पण टोल्किनच्या वाचकाला त्या युगाची लांबी हीच शोकांतिका वाटते: अमर असलेले एल्फ पिढ्यान् पिढ्यांची मर्त्य माणसे मरताना पाहतात, आणि त्या दीर्घ दुःखातून माणसांच्या मनात अमरत्वाचा लोभ उगवतो. वर्षे आवळली की लोभ उरतो, त्याचे कारण पुसट होते. तारखांच्या आडून हा वाचक अर्थाची राखण करत होता. स्वतः टोल्किनने १९५८ मध्ये आपल्या कादंबरीवरच्या एका प्रस्तावित चित्रपटसंहितेवर पत्रातून असेच कठोर आक्षेप घेतले होते. चाहत्यांची कटकट लेखकाच्याच घरची आहे, एवढे त्यावरून दिसते.

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप बरेच आहेत आणि त्यांतला पहिला श्रद्धेचा आहे. रामायण-महाभारताची वाट भाविक पाहतो, टोल्किनची वाट वाचक पाहतो. दोघांना एका ओळीत बसवणे हा श्रद्धेचा अवमान आहे, असे कुणी म्हणेल. अस्तंबा चढणाऱ्याला अश्वत्थामा हे पात्र नाही, हे मला ठाऊक आहे. चोप्रांच्या मालिकेत प्रदीप रावत यांनी ती भूमिका केली म्हणून त्याच्या डोंगरावरच्या अश्वत्थाम्याला काही झाले नाही. दोघांच्या भावना एकच आहेत असे मी म्हणत नाही. मात्र दोघांची पाहण्याची रीत एक आहे: आधी मनात असलेल्या रूपाशी समोरचे रूप ताडणे. उलट बाजूचा पुरावाही देता येतो. देवकीनंदन खत्री यांच्या १८८८ च्या ‘चंद्रकांता’वर नीरजा गुलेरी यांची भव्य मालिका १९९४ मध्ये दूरदर्शनवर आली. तिने कादंबरीपासून मोकळेपणाने फारकत घेतली, आणि कादंबरी पाठ असलेल्या हिंदी वाचकाला ते जाणवणारच होते. खानदेशातल्या प्रेक्षकाला मात्र त्याचे काहीच वाटले नाही. ऐयार, तिलिस्म, क्रूरसिंहाच्या भुवया त्याने आवडीने पाहिल्या. पण मुळात त्याच्या मनात कादंबरीतला विजयगढ नव्हताच. रविवारी त्याला कुतूहल असे. प्रतीक्षा हा शब्द मी त्यासाठी वापरणार नाही.

दुसरा आक्षेप व्यापाराचा. ही सगळी उत्कंठा जाहिरातीने पैदा केलेली असते. झलक, पत्रके, तारखा पुढे ढकलणे हे ठरवून केले जाते. चाहता हा फुकटचा प्रचारक, असे म्हणतात. यात तथ्य आहे. पण जाहिरात विहिरीवरच्या पंपासारखी असते. पाणी आधी असावे लागते. फक्त हातांची चित्रे छापून ज्याला कुतूहल चेतवता येते, त्याच्या पाठीशी साठसत्तर वर्षांचे वाचन उभे असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. रोमिला थापर यांनी १९८९ च्या जानेवारीत ‘सेमिनार’मध्ये तो ‘रामायण’ मालिकेच्या संदर्भात मांडला: अनेक रामकथा असलेल्या देशात दूरचित्रवाणी एकाच रामकथेला राष्ट्राची कथा करून टाकते. डांगच्या थाळीवरची कथा आणि पडद्यावरची कथा यांच्या ताकदीत बरोबरी नाही. एकीला ऐकणारे एका गावचे, दुसरीला देशभरचे. पुढच्या पिढीतल्या मुलाच्या मनात राम उभा राहतो तो अरुण गोविल यांचा चेहरा घेऊन, आणि कथेकऱ्याने सांगितलेला राम त्याला चुकीचा वाटू लागतो. हे नुकसान खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. फक्त एवढेच म्हणेन की त्या नुकसानीवरचा उपाय प्रतीक्षा मोडण्यात नाही. ज्याच्या मनात आपली कथा जिवंत आहे तोच पडद्याला सांगू शकतो की आमच्याकडे हे असे नाही. कोकणा कथा लिहून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे: मुलाने पडद्यावरचा राम पाहिल्यावर ताडून बघायला त्याच्या घरात दुसरा राम असला पाहिजे.

आणि हक्काची विषारी बाजू. महाभारताची संहिता राही मासूम रझा लिहिणार हे कळताच एका मुसलमानाने ती का लिहावी अशी पत्रे आली. रझा यांनी स्वतःला गंगेचा पुत्र म्हणवत ते काम स्वीकारले, आणि आज त्यांचे संवाद घरोघर तोंडपाठ आहेत. ‘रिंग्ज ऑफ पॉवर’मध्ये कृष्णवर्णी एल्फ दिसला तेव्हा त्या नटावर जगभरातून गरळ ओकली गेली. ही कथा माझीही आहे आणि ही कथा माझीच आहे, या दोन वाक्यांत अंतर एका अक्षराचे आहे, आणि हे पुस्तक वाचताना वाचकाने ते सतत डोळ्यांसमोर ठेवावे अशी माझी विनंती आहे. वर्षे आवळल्याने कथेचा अर्थ बदलतो हे दाखवून देता येते, त्यावर वाद घालता येतो. लेखकाच्या धर्माने किंवा नटाच्या कातडीने तो बदलतो हे दाखवून देता येत नाही. मग उरते ती फक्त दारावरची राखण, आणि तिला मी प्रतीक्षा मानत नाही.

एक खंत इथेच नोंदवतो, कारण ती या विषयाच्या पोटातलीच आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. मराठी कादंबरी अगदी सुरुवातीच्या काळातच अद्भुतात रमली. राजपुत्र, कारस्थाने, अचाट योगायोग, सगळे तिथे आहे. त्यांच्यावर मालिका निघणार असे उद्या जाहीर झाले तर एकही माणूस तारखेकडे डोळे लावून बसणार नाही, एकही जण पोशाखावरून भांडणार नाही. त्या कथांची ओळखच आपण हरवून बसलो आहोत. भांडणाऱ्या चाहत्यांना नावे ठेवताना ही शांतता किती वाईट असते, याचा विचार व्हावा. त्याउलट मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने टोल्किन मराठीत आणला आणि एक नवी ओळख तयार केली. ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ भारतात हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या भाषांतून ऐकायला मिळाली. मराठी आवाज त्यात नव्हता. ज्या वाचकाने टोल्किनच्या फ्रोडोला मराठीत बोलताना ऐकले होते, त्याने त्याच्या जगाची वाट दुसऱ्या भाषेच्या रस्त्यावर पाहिली. अहिराणीचे तर नावच नको.

आणि ज्यांना वाट पाहणे परवडत नाही ते स्वतःच निघतात. साक्रीहून फार लांब नसलेल्या मालेगावात यंत्रमाग चालवणाऱ्या माणसांनी तुटपुंज्या पैशांत ‘मालेगाव के शोले’ केला, मग आपला सुपरमॅनही उडवला. २०२५ मध्ये त्यांच्यावरच हिंदी चित्रपट आला. त्यांना विडंबनकार म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही. मनातल्या चित्राचा रेटा पैशाची वाट पाहीनासा झाला की काय होते, ते मालेगावने दाखवले, आणि या पुस्तकात त्याला जागा आहे याचा मला आनंद आहे.

नितेश तिवारी यांच्या ‘रामायण’ चित्रपटाचा पहिला भाग २०२६ च्या दिवाळीत येणार असे जाहीर झाले आहे. दोन्ही भागांचा मिळून खर्च चार हजार कोटी असल्याचे निर्माते नमित मल्होत्रा यांनी सांगितले आहे. ही मालिका नसली तरी या चित्रपटाचे चाहते याच पुस्तकातल्या माणसांसारखे वागताना दिसतील: झलक थांबवून थांबवून पाहतील, धनुष्याच्या वळणावरून वाद घालतील. त्याच दिवाळीत अस्तंब्याच्या पायथ्याशी माणसे गोळा होतील आणि अंधारात चढू लागतील. वर जो आहे तो कपाळाच्या जखमेसाठी तेल मागतो, असे तिथे सांगतात. आणि कुणी वाट चुकला तर त्याला वाटही दाखवतो.

साक्री, जि. धुळे